कार्बोरेटरला हात शेवटी: नांदेड-लातूरच्या जुन्या गाड्या आणि ट्यूनिंगचा प्रश्न

जुनी मारुती ८०० सकाळी चोक ओढूनही दोनदा बंद पडते, चढाला दम टाकते, ॲव्हरेज बारावर आलंय. ही तक्रार नांदेड किंवा लातूरच्या गॅरेजात पोचली की पहिला संशय कार्बोरेटरवर जातो आणि पहिला स्क्रू त्याचाच फिरतो. दहा मिनिटांत इंजिन एका लयीत चालू लागतं, मालक पैसे देऊन निघतो आणि आठवड्याभरात परत येतो. यात मेकॅनिकचा आळस असतोच असं नाही. बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी हात पोचतो तो कार्बोरेटरपर्यंत, आणि स्क्रू फिरवल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला म्हणजे दोष सापडला, असं वाटणं सोपं आहे.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आणखी गुंतला आहे. पंपावरचं पेट्रोल बदललं, नोंदणीचे नियम बदलले, सुट्या भागांचा दर्जा बदलला आणि गाडीचा कार्बोरेटर उघडून पुन्हा नीट जोडणारे हात कमी झाले. तेव्हा या पट्ट्यात जुनी पेट्रोल गाडी आज नीट लावता येते का, आणि येत असेल तर कशी, याचा एकदा सलग हिशेब मांडायला हवा.

गाड्या आणि त्यांचे कार्बोरेटर

एमएच २४ आणि एमएच २६ या पाट्यांखाली आज ज्या कार्बोरेटरच्या गाड्या दिसतात, त्यांची मुख्यतः तीन घराणी आहेत.

पहिलं प्रीमियर पद्मिनीचं. फियाट ११०० वर बेतलेली ही १०८९ सीसीची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. हिचा सोलेक्स कार्बोरेटर एका गळ्याचा आणि रचनेनं सरळ: एक फ्लोट, एक मेन जेट, एक स्लो जेट, पिकअपसाठी छोटा पंप आणि चोक. दुसरं घराणं अँबॅसडरचं. १९५८ ते २०१४ अशी ती उत्तरपाड्यात बनली. मराठवाड्यात तिच्या डिझेल आवृत्तीचीच चलती जास्त, पण जुन्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनावर एसयू जातीचा कार्बोरेटर असे. त्यात गळ्याची रुंदी ठरलेली नसते. एक पिस्टन हवेच्या ओढीनं वरखाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटचं भोक कमीजास्त करते.

तिसरं आणि संख्येनं सगळ्यात मोठं घराणं मारुतीचं. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ८०० ला आणि तिच्याच इंजिनावरच्या ओम्नी व्हॅनला दोन गळ्यांचा मिकुनी कार्बोरेटर होता. हळू चालवताना एकच गळा काम करतो आणि रेस वाढली की दुसरा उघडतो. म्हणून या गाडीत एक फसवा दोष आढळतो: गावात गाडी उत्तम चालते आणि हायवेवर साठच्या पुढे गुदमरते. तिथे स्लोच्या स्क्रूचा काही संबंध नसतो. दुसऱ्या गळ्याचा डायफ्राम फाटलेला असतो किंवा त्याची नळी निसटलेली असते.

युरो-२ आणि भारत स्टेजच्या नियमांमुळे २००० नंतर मोटारींत इंजेक्शन आलं आणि कार्बोरेटर संपला. दुचाकींत मात्र तो १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू होईपर्यंत टिकला. ही वीस वर्षांची तफावत महत्त्वाची आहे, कारण आजचा तिशीतला मेकॅनिक कार्बोरेटर शिकला तो मोटरसायकलवर.

आळ कार्बोरेटरवर, दोष दुसरीकडे

कार्बोरेटर करतो काय? अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या फरकानं जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. वजनानं साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल मिळालं तर ज्वलन पूर्ण होतं. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच, कमी झालं तर लीन. सगळं ट्यूनिंग या एका प्रमाणाभोवती फिरतं. पण इंजिनाची लय बिघडवणाऱ्या गोष्टी याखेरीज निदान सहा आहेत: टॅपेटची फट, कॉम्प्रेशन, पॉइंट आणि प्लग, इग्निशनचं टायमिंग, मॅनिफोल्डच्या सांध्यातून शिरणारी चोरटी हवा आणि एअर फिल्टर.

यातला प्रत्येक दोष कार्बोरेटरचं सोंग घेतो. मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तर मिश्रण लीन होतं आणि मेकॅनिक स्क्रू सोडून पेट्रोल वाढवतो. स्लो सुधारतो, पण रेस दिली की गाडी रिच होऊन काळा धूर सोडते. टायमिंग मागे पडलं असेल तर पिकअप जातो आणि मोठा जेट बसवला जातो. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीनं भरला असेल तर हवा कमी पडते आणि लोक पेट्रोल कमी करत बसतात. पुढे कुणी नवा फिल्टर टाकला की गाडी अचानक लीन होते. नव्वदीच्या उत्तरार्धातली मुंबईहून आणलेली गाडी असेल तर आणखी एक शक्यता उरते. महानगरांत १९९५ पासून नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले, पण देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० मध्ये. शिसं लागून किंवा वयानं कन्व्हर्टर तुंबला की गाडीला श्वास सोडता येत नाही आणि आळ येतो कार्बोरेटरवर.

म्हणून जाणत्या उस्तादांचा क्रम ठरलेला असतो. आधी थंड इंजिनावर टॅपेट, मग प्लग काढून कॉम्प्रेशन, मग पॉइंट (बहुतेक जुन्या गाड्यांत ०.४ ते ०.५ मिमी) आणि टायमिंग, मग फिल्टर, मग गॅस्केटच्या सांध्यांना ऑइल लावून स्लो बदलतो का हे बघणं. यातच अर्ध्या तक्रारी मिटतात. इथवर सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर खोलायचा.

खोलल्यावरही स्क्रूची वेळ उशिरा येते. आधी फ्लोट. त्याची पातळी उंच असेल तर गाडी ओव्हरफ्लो करते, खाली असेल तर चढाला उपाशी राहते. मग निडल व्हॉल्व्हचं बसणं, मग पिकअपचा पंप. इंजिन बंद ठेवून वरून बघत रेस दाबली की पेट्रोलची बारीक धार ताबडतोब दिसायला हवी. मग जेट. पितळी जेटमध्ये लोखंडी तार घालून कचरा काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तीच सगळ्यात महागात पडते. जेटवर ११० असा आकडा असला तर भोक १.१० मिमीचं आहे. तार चारदा फिरली की ते किती राहिलं, हे कुणालाच सांगता येत नाही. हवेचा प्रेशर आणि क्लीनर एवढंच साधन जेटला पुरतं.

कान, प्लग, घड्याळ आणि मशीन

स्लो आणि मिश्रण लावण्याच्या पद्धती चार आहेत आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी आहे.

कानावर लावणं सगळ्यात जुनं. इंजिन पूर्ण गरम करायचं, चोक पूर्ण सुटलाय हे बघायचं, मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत बसवून साधारण दोन आटे सोडायचा. मग पाव-पाव आटा फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि गुळगुळीत चालेल ती जागा शोधायची. स्लो वाढला असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूनं आठशे-नऊशेच्या आसपास आणायचा आणि मिश्रण पुन्हा तपासायचं. अँबॅसडरच्या एसयूमध्ये रीत निराळी. पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. स्लो वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, इंजिन पडू लागलं तर लीन, आणि क्षणभर वाढून जागेवर आलं तर बरोबर. जेटचा नट वर नेला की लीन, खाली नेला की रिच. पिस्टनच्या वरच्या नळीत पातळ ऑइल आहे का हे आधी बघायचं, कारण ते आटलं की पिकअपला धक्के बसतात आणि लोक भलतंच काही शोधत राहतात. कानाची अडचण ही की इंजिनाला थोडं रिच मिश्रण नेहमीच गोड लागतं. कानावर लावलेली गाडी बहुधा जास्त पेट्रोल पिते.

प्लगचा रंग हा दुसरा साक्षीदार. काळी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पण शिसं गेल्यापासून आणि इथेनॉल आल्यापासून निरोगी इंजिनाचा प्लगही पूर्वीपेक्षा फिका दिसतो. जुन्या रंगावर भरवसा ठेवणारा उस्ताद आज गाडी विनाकारण रिच करतो.

तिसरी पद्धत व्हॅक्यूम गेजची. साधं, स्वस्त घड्याळ मॅनिफोल्डला जोडायचं आणि काटा सगळ्यात वर आणि स्थिर राहील तिथे मिश्रण सोडायचं. इथे एक स्थानिक सावधगिरी हवी. पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी १७ ते २१ इंच पारा असा आकडा असतो, तो समुद्रसपाटीचा. लातूर सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच सात टक्क्यांनी कमी असतो, म्हणून आकडा दोन इंचांनी खाली येतो. सुमारे ३६० मीटरवरच्या नांदेडात तो इंच-सव्वा इंच उतरतो. हे न कळल्यामुळे लातूरला पंधरा-सोळा इंच दाखवणाऱ्या चांगल्या इंजिनाला रिंगा गेल्याचं निदान होऊ शकतं.

चौथी पद्धत सगळ्यात नेमकी, आणि ती अशा प्रत्येक जुन्या गाडीला सहा महिन्यांनी भेटतेच. पीयूसीचं मशीन धुरातला कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये मोजतं. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना स्लोवर मर्यादा आहे ३ टक्के आणि १५०० पीपीएम. मालक बघतो फक्त पास की नापास. खरं तर ते दोन आकडे ट्यूनिंगचा पूर्ण अहवाल आहेत. कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांजवळ असेल तर मिश्रण साधारण तेरास एक, म्हणजे स्पष्ट रिच. तो एक-दीडच्या आसपास आणि हायड्रोकार्बन कमी असेल तर गाडी सुस्थितीत. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन वाढलेलं असेल तर मिश्रण इतकं लीन आहे की मिसिंग होतंय, नाहीतर प्लग किंवा टॅपेटचा दोष आहे. दोन्ही जास्त असतील तर बहुधा रिच मिश्रणाला इग्निशनच्या दोषाची साथ आहे. स्क्रू ड्रायव्हर घेऊन पीयूसी केंद्रावर उभं राहणं हे या पट्ट्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलेलं ट्यूनिंग आहे.

ऊन, उंची आणि इथेनॉल

आता पेट्रोलचा प्रश्न. पूर्वी भीती भेसळीची होती. रेशनचं रॉकेल पेट्रोलमध्ये जाई, गाडी ठोके देई, प्लग काळे पडत आणि मेकॅनिक जेट बदलत बसे. या धंद्याची ताकद किती होती हे २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं तेव्हा साऱ्या राज्यानं पाहिलं. आज चर्चा आहे इथेनॉलची. देशात १० टक्क्यांचं मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र मिळू लागलं. विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. लातूर-नांदेडचा शेतकरी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. इथेनॉलनं उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि त्याच शेतकऱ्याच्या दारातल्या ओम्नीला ते प्यावं लागतं.

कार्बोरेटरवर याचे परिणाम दोन. पहिला प्रमाणाचा. इथेनॉलला जळायला नऊ भाग हवा पुरते, पेट्रोलला १४.७. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो, पण पितळी जेट काही ओळखत नाही. निव्वळ पेट्रोलवर लावलेली गाडी वीस टक्क्यांवर सात-आठ टक्के लीन होते. दुसरा परिणाम ऊर्जेचा. इथेनॉलमध्ये ती कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. जुन्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ६ ते ७ टक्के घट धरली आहे. ती घट स्क्रू फिरवून भरून येत नाही, आणि भरून काढायला जाणारा गाडी आणखी लीन करून इंजिन तापवतो.

मग मोठा जेट बसवायचा का? इथे मराठवाड्याच्या हवेचा हिशेब आधी मांडायला हवा. उंचीनं आणि उन्हानं हवा विरळ होते आणि कार्बोरेटर आपोआप रिच होतो, हवेची घनता घटते त्याच्या साधारण निम्म्या टक्क्यांनी. लातूरच्या उंचीमुळे पावणेचार टक्के, नांदेडच्या उंचीमुळे दोन. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की वीस अंशांच्या तुलनेत आणखी पावणेचार टक्के. म्हणजे मे महिन्यात लातूरला ऊन आणि उंची मिळून गाडी साडेसात टक्के रिच करतात आणि इथेनॉल तितकीच लीन करतं. दोन्ही जवळजवळ फिटतात. नांदेडला थोडी लीन बाजू उरते. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांना मात्र लातूरला पाच-सहा आणि नांदेडला सात टक्के लीनपणा शिल्लक राहतो. हिवाळ्यात सकाळी गाडी धक्के खाते, कार्बोरेटरमधून फटकारते आणि एप्रिलमध्ये आपोआप सुधारते, त्याचं गणित हे आहे.

हा हिशेब कागदावरचा आहे, पण निर्णयाला पुरेसा आहे. ११० च्या जागी ११५ चा जेट घातला तर भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं आणि उन्हाळ्यात गाडी धूर ओकते. ११२.५ चा घातला तर साडेचार टक्क्यांनी वाढतं, आणि इथल्या दोन टोकांच्या हवेत मधला मार्ग तोच आहे. तोही आधी मशीनवर आकडा बघून, कारण तारा घालून घालून तुमचा ११० कधीच ११५ झालेला असू शकतो. स्लोवरचा लीनपणा मिश्रणाच्या स्क्रूनंच भागतो.

इथेनॉलचा आणखी एक त्रास ट्यूनिंगच्या बाहेरचा आहे. ते जुनं रबर आणि बुचाच्या गॅस्केट फुगवतं, टाकीतला गंज सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी ऑक्टोबरात सुरू होत नाही ती यामुळे. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. पेट्रोलची नळी, पंपाचा डायफ्राम आणि पिकअप पंपाचा डायफ्राम हे तिन्ही इथेनॉल सोसणारे बसवले की निम्मी चिंता संपते.

उन्हाळ्याचा जुना आजार तसाच आहे. अहमदपूरच्या चढानंतर चहाला गाडी थांबवली की इंजिनाच्या धगीनं कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, गळ्यात सांडतं आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. पद्मिनीच्या पंपावर ओलं फडकं टाकणारे लोक मूर्ख नव्हते, नळीत झालेली वाफ त्यानं खरंच बसते. पण मूळ उपाय कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या जाड उष्णतारोधक गॅस्केटमध्ये आहे. अनेक गॅरेजांत ती फुटली की टाकून देतात आणि पातळ कागदी गॅस्केट लावतात. अशा वेळी सुरू करताना रेस पूर्ण दाबून धरावी. पंपासारखी वरखाली केली तर पेट्रोल आणखी सांडतं.

गॅसच्या व्हॅन, सुटे भाग आणि हात

ओम्नीचा मोठा भाग एलपीजीवर चालतो. गॅसवर महिनोन्महिने चाललेल्या गाडीत कार्बोरेटर कोरडा पडतो, पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, डायफ्राम कडक होतात. मग पेट्रोलवर गाडी चालत नाही आणि मालक म्हणतो, पेट्रोलच खराब. रोज सकाळची पहिली काही मिनिटं पेट्रोलवर चालवली तरी हा प्रश्न येत नाही. घरगुती सिलिंडर आणि नोंद नसलेलं किट हा ट्यूनिंगचा विषयच नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

सुट्या भागांसाठी नांदेडकर हैदराबादला, लातूरकर पुण्याला बघतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रिपेअर किटमधल्या जेटचे आकडे आणि भोकं जुळतीलच असं नाही. शक्यतो जुना मूळ जेट साफ करून तोच बसवावा आणि किटमधून फक्त गॅस्केट आणि डायफ्राम घ्यावेत. संपूर्ण नवा नकली कार्बोरेटर हा शेवटचा पर्याय. झिजलेल्या थ्रॉटलच्या दांड्याला बुश बसवून देणारा लेथवाला सापडला तर मूळ कार्बोरेटर आणखी काही वर्षं सहज काढतो.

राहिला हातांचा प्रश्न. जुने उस्ताद थकले हे खरं, पण नव्या पोरांना काहीच येत नाही हे खोटं. पल्सरसारख्या मोटरसायकलींच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीनं उचलला जाणारा पिस्टन आणि निमुळती सुई होती, म्हणजे तत्त्वानं अँबॅसडरचाच एसयू. तो उघडलेल्या पोराला चारचाकीचा कार्बोरेटर समजायला एखादा आठवडा पुरतो, समजावणारा मात्र हवा. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात कापलेला कार्बोरेटर आणि पीयूसीचं मशीन एका टेबलावर ठेवून हे शिकवता येईल.

आणि कायदा? पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली. पन्नाशी ओलांडलेल्या मूळ स्थितीतल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे जुनी गाडी ठेवणं आता स्वस्तातला मार्ग उरलेला नाही. जो ठेवतो तो हौसेनं ठेवतो, आणि हौसेनं ठेवलेली गाडी धूर सोडत फिरवणं शोभत नाही.

सगळ्याचा निष्कर्ष असा. नांदेड-लातूरच्या हवेत आणि आजच्या पेट्रोलवर कार्बोरेटरची गाडी उत्तम चालू शकते, पण एकदा लावून विसरता येत नाही. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, टॅपेट, प्लग, टायमिंग आणि फिल्टर बघून घ्या. पीयूसीची तारीख त्याच्याशीच जुळवा, मेकॅनिकला केंद्रावर सोबत न्या आणि मशीनवर आकडे बघत स्क्रू फिरवा. दोन्ही वेळचे आकडे, जेटचा नंबर आणि आटे वहीत लिहून ठेवा. आणि गॅरेजात गाडी उभी केल्याबरोबर कुणी थेट कार्बोरेटरला हात घातला, तर त्याला थांबवून आधी टॅपेट बघायला सांगा.